हिरवा टोळ

बारक्याने गाडी आणली त्या संध्याकाळी बाबांनी रेडिओचा आवाज मोठा केला आणि खुर्ची भिंतीकडे फिरवून बसले. बाहेर फाटकापाशी अर्धी गल्ली गोळा झालेली, आणि घरातलं मोठं माणूस भिंतीकडे तोंड करून हवामानाचा अंदाज ऐकतंय. मी म्हटलं, बाबा, निदान बघून तरी या. तर म्हणाले, हातपाय मोडून आला की बघायला जायचंच आहे, आज कशाला? माझं डोकंच सणकलं. शुभ बोल रे नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली, त्यातली गत. मी रेडिओ बंद केला, त्यांनी परत लावला.

बारक्या माझा धाकटा भाऊ. नाव बारक्या, पण दारातून आत यायचं तर मान वाकवावी लागते. तो लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत होता. लिफ्ट जिथून वरखाली होते त्या अंधाऱ्या पोकळीत उतरायचं, लोखंडी दोर तपासायचे, ग्रीस लावायचं, असलं काम. जपून वागणं त्याच्या हाडात होतं. साधा बल्ब बदलतानासुद्धा आधी मेन स्विच बंद करणार आणि मला तिथे उभं करून ठेवणार, कुणी चालू करू नये म्हणून. आणि मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मोटार शिकवते. शिकणाऱ्याच्या शेजारी बसते, माझ्या पायाखाली एक जादा ब्रेक असतो. बाबा म्हणायचे, पायाला दिलाय तसा एक तोंडाला पण द्यायला हवा होता.

बाबा लाकडाला पॉलिश करतात. हल्ली बाहेरची कामं फारशी घेत नाहीत, पण मागच्या खोलीत त्यांचं दुकान मांडलेलंच असतं. मेण, जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन एकत्र करून ते स्वतःचं पॉलिश बनवतात, त्याचा वास आमच्या अंथरुणापांघरुणालाही येतो. आई गेली तेव्हा मला वाटलं होतं, तिच्या साड्यांना तिचा वास असेल. कपाट उघडलं तर सगळ्यांना मेणाचाच. बाबांचा एक हट्ट होता. टेबल पॉलिश करायला घेतलं की ते उलटं करून खालची बाजूही तितकीच घासायची. गिऱ्हाईक म्हणायचं, तिथं कोण बघणार आहे? बाबा म्हणायचे, टेबल बघतंय ना. असं काही ऐकलं की गिऱ्हाईक खूश व्हायचं. आम्ही दोघं मात्र लहानपणापासून टेबलं उलटी करून करून थकलो होतो.

तर गाडी. शर्यतीची असते तसली मोटरसायकल, हिरवीगार, पुढून तोंड खाली घातलेलं, मागून ढुंगण वर काढलेलं. समोरच्या म्हातारीने बघताक्षणी म्हटलं, अगंबाई, टोळ! झालं, गल्लीत तिचं नाव टोळ पडलं. बारक्याला आधी राग आला, मग तोच म्हणायला लागला, ताई, टोळ धुवायचाय, जरा नळी दे.

पहिले काही दिवस रोज जेवताना गाडीचा अहवाल असायचा. हॅन्डल इतकं खाली आहे की सगळा भार मनगटांवर येतो, कामावर पोचेपर्यंत हातांना मुंग्या. आरशात मागचा रस्ता कमी आणि स्वतःची कोपरंच जास्त दिसतात. सिग्नलला उभं राहिलं की इंजिनाची गरम हवा थेट मांड्यांवर, तवाच जणू. हॅन्डल पुरतं वळतच नाही, त्यामुळे गल्लीतून बाहेर काढायची तर पुढे-मागे, पुढे-मागे, शेवटी उतरून ढकलायची. सामानाची पिशवी अडकवायला साधा हूक नाही. मी विचारलं, मग चांगलं काय आहे रे त्यात? त्याने हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाला, "ताई, दिवसभर मी अंधारात लोंबकळत असतो. हिच्यावर बसलो की पुढं काही नसतं. नुसता रस्ता असतो." बाबांनी रेडिओ आणखी मोठा केला.

मलाही त्याने मागे बसवून फिरवलं. मागची सीट म्हणजे सीट कसली, खिडकीची कड. मी त्याच्या डोक्यापेक्षा उंच, धरायला काही नाही, आणि माझ्या पायाखाली ब्रेक नाही. मी सारखी पाय दाबत होते. उतरल्यावर म्हटलं, परत बसवलंस तर याद राख. पण खरं सांगायचं तर मला मजा आली होती, आणि तो किती सांभाळून चालवत होता ते मला कळलं होतं. धंदा आहे माझा. सीटवर बसून दोन वळणं घेतली की कोण कसं चालवतं ते मला समजतं. बारक्या नव्या नवरीला सासरी आणावं तशी गाडी चालवत होता.

त्याला कारणही होतं. शोरूममधल्याने त्याला बजावलं होतं की इंजिन नवं आहे, पहिल्या सर्व्हिसिंगपर्यंत जोरात पळवायची नाही. आणि टायरही नवे आहेत, कारखान्यातून आलेल्या रबरावर एक गुळगुळीत चकाकी असते, ती रस्त्याला घासून जाईपर्यंत वळणावर गाडी वाकवायची नाही. बारक्याने हे जेवताना पुन्हा पुन्हा सांगितलं. रोज कामावरून आला की फाटकाशी बसायचा, टायरवरून बोट फिरवायचा आणि मला बोलवायचा, बघ, मधली चकाकी गेली, आता कडेची राहिली. टायर राखाडी, खरखरीत, रया गेल्यासारखा दिसायला लागला तसतसा हा खूश. मी म्हटलं, लोक नवी वस्तू चकचकीत ठेवतात, तू जुनी करतोयस. तो म्हणाला, रबराला चमक म्हणजे घात, ताई.

बाबा तिथेच होते. चार पावलांवर. पण त्यांनी बारक्याशी बोलणं टाकलं होतं, आणि न बोलणं म्हणजे न ऐकणंही, असा त्यांचा हिशोब. काही सांगायचं असेल तर माझ्यामार्फत. त्याला सांग, पाण्याची मोटर लावलीय. त्याला सांग, जेवण झाकून ठेवलंय. मी म्हटलं, तो तुमच्यासमोर बसलाय, मी काय टपालखातं आहे का? दोघंही हसले नाहीत.

एकदा बाबा मला मागच्या खोलीत म्हणाले, गाडी नवी आणि चाकं बघ, उकिरड्यातून काढल्यासारखी. वस्तू घ्यायची हौस आहे, राखायची अक्कल नाही. मला वाटलं, चला, निदान गाडीकडे बघायला तरी लागले. बरं वाटलं मला.

त्या दिवशी सकाळी माझा पहिला विद्यार्थी होता एक कापडदुकानदार, गिअर बदलताना डोळे मिटणारा. मी लवकरच बाहेर पडले होते. फोन आला तेव्हा आम्ही उड्डाणपुलाच्या चढावर होतो. कुलूपवाल्याचा फोन. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्याची टपरी आहे, किल्ल्या बनवतो. म्हणाला, ताई, बारक्या पडलाय, टेम्पोवाल्यानेच हॉस्पिटलात नेलंय, लवकर ये. मी कापडदुकानदाराला शेजारी ढकललं, चाक हातात घेतलं आणि डोक्यावर 'शिकाऊ' असा बोर्ड लावलेली ती गाडी अशी हाणली की बिचाऱ्याने सगळा रस्ताभर डोळे मिटून घेतले.

बारक्या गल्लीतून मोठ्या रस्त्याला डावीकडे वळत होता. चाक सरकलं, गाडी आडवी झाली, डावा पाय तिच्याखाली, आणि मागून भाज्यांचे क्रेट भरलेला टेम्पो येत होता. त्याने ब्रेक मारला, पण टेम्पो काही जागच्या जागी थांबत नाही. डॉक्टरांनी दोन दिवस प्रयत्न केले. मग पाय गुडघ्याखालून काढावा लागला.

बाबा हॉस्पिटलच्या बाकावर बसून होते. रडले नाहीत. सही करायला पेन दिलं तर उलटं धरलं. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तर म्हणाले, मी सांगितलं होतं. मी सांगितलं होतं ना? एवढंच. त्या क्षणी मला त्यांचा इतका संताप आला की मी उठून पाणी प्यायला गेले आणि तहान नसताना तीन पेले प्यायले.

बारक्या धड शुद्धीवर आला तेव्हा खोलीत मी एकटीच होते. त्याने आधी पाय विचारला नाही. ते त्याला कळलं होतं, चादर तिथे सपाट होती. त्याने विचारलं, गाडी कुठंय? मी म्हटलं, खड्ड्यात गेली तुझी गाडी. तो म्हणाला, नाही, नीट सांग. मी सांगितलं, मिस्त्रीने उचलून गॅरेजमध्ये नेलीय.

"ताई, जाऊन तिचे टायर धू. साबणाने, गरम पाण्याने. आजच."

मला वाटलं, औषधाच्या गुंगीत बरळतोय. पण त्याचे डोळे अगदी जागे होते. म्हणाला, टायरला मेण आहे. मी पडलो ना, तेव्हा चाक माझ्या तोंडाशी होतं. बाबांचा वास आला.

मग त्याने सांगितलं. सकाळी तो बाहेर आला तर गाडी आरशासारखी लखलखत होती. टाकी, आरसे, सायलेन्सर, सगळं. बाबा मागच्या खोलीत, दार लोटलेलं. बारक्या दारापाशी जाऊन उभा राहिला होता, काही बोलावं म्हणून. पण इतक्या दिवसांचा अबोला, शब्दच सुचेना. मग म्हटलं, संध्याकाळी येताना त्यांच्यासाठी काही तरी घेऊन येऊ, तेव्हा बोलू. घाईत होता, त्यात आनंदात. टायरकडे बघायचं राहिलं. रोज बघायचा, त्याच दिवशी नाही.

"पुसली त्यांनी, ताई. बोलले नाहीत, पण पुसली."

मी संध्याकाळी गॅरेजात गेले. मिस्त्री माझी वाटच बघत होता. त्याने टायरवरून बोट फिरवून माझ्या नाकासमोर धरलं आणि विचारलं, हे कुणी केलं? पुढचा टायर, मागचा टायर, कडा तर कडा, रस्त्याला टेकतो तो पट्टाही, सगळीकडे सारखा हात फिरलेला. खाचांमधूनसुद्धा. साखळीला तेल लावायला बारक्याने मागचं चाक उचलून धरणारा स्टँड घेतला होता, तो वापरलेला असणार. पुढचं चाक थोडं थोडं पुढे ढकलत केलं असणार. अर्धवट काम बाबांनी जन्मात केलं नव्हतं. मी मिस्त्रीला म्हटलं, कुणी का करेना, तुला काय करायचंय, बादली दे. आणि तिथेच बसून मी ते टायर धुतले.

दुसऱ्या दिवशी बारक्याने मला शब्द द्यायला लावला. मी म्हटलं, बरा आहेस ना? तुझा पाय गेलाय, आणि तो माणूस बाहेर बसून येईल-जाईल त्याला सांगतोय की पोरगा उडत होता. मी हे ऐकून घेणार नाही.

तो म्हणाला, "माझा पाय गेलाच आहे. आता त्यांचे हात कशाला घालवायचे?"

मी रडले. मग शब्द दिला. अळीमिळी गुपचिळी. ज्या बाईच्या तोंडात तीळ भिजत नाही तिच्या हातात हे झाकून ठेवायचं कोंबडं दिलं त्याने.

घरी आल्यावर खरी परीक्षा सुरू झाली. बाबांनी बारक्याचं सगळं केलं. त्याला आंघोळ घालायचे, उचलून बाहेर बसवायचे, जखमेची पट्टी बदलायचे, रात्री उठून पाय दुखतोय का विचारायचे, जो पाय नव्हता तोही. संडासापर्यंत भिंतीला धरायला लाकडी दांडा ठोकला, आणि तो इतका गुळगुळीत घासला की हाताला कूस लागणार नाही. आणि हे सगळं करताना तोंडाचा पट्टा चालू. मस्ती होती ना अंगात. ऐकायचं नव्हतं ना म्हाताऱ्याचं. आता भोग. हातांनी जपायचं आणि जिभेने सोलायचं. बारक्या मान खाली घालून ऐकायचा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय ते मी त्या महिन्यांत पाहिलं.

बाबा विचारायचे, कितीवर होतास? पहिल्यांदा बारक्या म्हणाला साठ. पुढच्या वेळी ऐंशी. मग एकदा बाबा फारच बोलले, तेव्हा म्हणाला शंभर असेल. बाबांनी आयुष्यात सायकलपलीकडे काही चालवलं नाही, त्यांना पटलं. त्या कोपऱ्यावर शंभरने वळायचं तर गाडीने नाही, गल्लीनेच वाकायला हवं. मी ताट उचलून आत गेले आणि भांडी आपटली.

एकदा बाबा कुलूपवाल्याकडे किल्ली करायला गेले आणि परत येऊन दारातच उभे राहिले. म्हणाले, तो म्हणतोय तू हळू होतास. म्हणतोय, पोरगं चालत्या माणसाच्या वेगाने वळत होतं. मला वाटलं, सुटलो. बाहेर पडलं एकदाचं, आणि माझ्या तोंडून नाही. मी बारक्याकडे बघितलं. तो शांतपणे म्हणाला, कुलूपवाल्याला कुलपाच्या भोकापलीकडे काय दिसतं? मी जोरात होतो, बाबा. बाबांच्या चेहऱ्यावर काही तरी आशा होती, ती गेली. मग म्हणाले, निदान खरं बोलतोस, एवढं बरं आहे.

कंपनीने बारक्याला काढलं नाही. खुर्चीवरचं काम दिलं. कुठल्या इमारतीत लोक लिफ्टमध्ये अडकले की त्यांचा फोन याच्याकडे येतो, आणि माणसं पोचेपर्यंत हा त्यांना बोलत ठेवतो. घाबरू नका, दोर चांगले आहेत, बटणं दाबू नका, मुलं काय करतात तुमची? कृत्रिम पाय बसवलाय, पण संध्याकाळी तो काढून ठेवतो, घासतो म्हणून. गाडी गॅरेजात तशीच होती. मिस्त्री म्हणाला, दुरुस्त झालीय, माझी जागा अडतेय. बारक्या म्हणाला, विकून टाकू. मी त्याच्याकडे नीट पाहिलं, पण त्याने वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं होतं.

गिऱ्हाईक मिळालं. एक मुलगी, नुकतीच नोकरीला लागलेली, आयुष्यातली पहिलीच गाडी. फोनवर तिची आईच जास्त बोलत होती. चांगली आहे ना हो, मुलीचा फार जीव जडलाय हिरव्या रंगावर. रविवारी सकाळी बघायला येतो आणि पसंत पडली तर ती लगेच चालवतच घेऊन जाईल, असं ठरलं. मिस्त्रीने आदल्या दिवशी टोळ आणून फाटकाच्या आत उभा केला. गल्लीतलं कुणी बघायला आलं नाही.

रविवारी मी चहा घेऊन बाहेर आले तर बाबा पाटावर बसले होते. शेजारी पॉलिशचा डबा उघडा. टाकी झाली होती, आरसे झाले होते. आता ते पुढच्या चाकाकडे वळले होते, आणि फडक्याची घडी करून त्यांनी डब्यात बुडवली होती. मी चहा तिथेच पायरीवर ठेवला.

मी म्हटलं, बाबा, टायर राहू द्या. ते म्हणाले, का? मी म्हटलं, लोकांना आवडत नाही हल्ली, वाटतं काही लपवलंय. ते हसले. चाळीस वर्षं मी वस्तू चकाकवून विकायला दिल्यात, तू मला गिऱ्हाईक शिकव. मी म्हटलं, वेळ नाही, येतीलच ते. ते म्हणाले, किती वेळ लागतो याला? मी म्हटलं, मी सांगतेय ना, नको. ते म्हणाले, तुझं आपलं काही तरीच. आणि फडकं टायरला लावलं. एक हात, वरून खाली, कडेपासून कडेपर्यंत. राखाडी रबर काळंभोर झालं.

"मागे केलं होतं तेव्हा तू बघितलं नाहीस," बाबा म्हणाले. माझ्याकडे न बघता, जरा लाजून. "त्या दिवशी सकाळी. नव्या टेबलासारखी झाली होती. त्याला आवडली असेल का गं? विचारायचं राहूनच गेलं."

मी खाली बसले आणि त्यांचं मनगट धरलं. ती मुलगी निघाली असेल, एवढंच डोक्यात होतं. पहिलीच गाडी, आणि गल्लीच्या तोंडाशी तेच डावं वळण.

"बाबा, मेणाने टायर सरकतो," मी म्हटलं. "तो त्यानेच पडला."

त्यांना आधी कळलं नाही. म्हणाले, तो शंभरवर होता. मी म्हटलं, नव्हता. कुलूपवाला खरं सांगत होता. बाबांनी अंगठा टायरवर ठेवला, जिथे नुकताच हात फिरवला होता तिथे, आणि दाबून ओढला. अंगठा सुळकन गेला. मग शेजारच्या कोरड्या रबरावर ओढला. तिथे तो अडकला. त्यांनी पुन्हा तसंच केलं. लाकडावर पॉलिश नीट बसलं का ते बघायला ते असाच अंगठा फिरवतात, मी हजारदा बघितलंय.

मग त्यांनी विचारलं, "त्याला ठाऊक आहे?"

"हो."

"कधीपासून?"

"रस्त्यावर पडला होता तेव्हापासून."

मला वाटलं, आता काही तरी होणार बाबांना, आणि मी त्यांना धरायला पुढे झाले. पण त्यांनी माझा हात बाजूला केला. म्हणाले, गरम पाणी आण. साबण आण. घासायचा ब्रश आण, काथ्याचा, मोठा. मी आणलं. त्यांनी बाह्या वर केल्या आणि टायर घासायला सुरुवात केली. फक्त त्यांनी हात लावला होता तेवढाच नाही. सगळा टायर, खाचांमधून, मग चाक थोडं पुढे ढकलून पुढचा भाग, मग मागचा टायर, ज्याला कुणी हातही लावला नव्हता. पाणी अंगावर उडत होतं. बोटांची सालं निघाली तरी ते थांबेनात. मी म्हटलं, बाबा, झालं आता. त्यांना ऐकू आलं नाही.

आतून कुबड्यांचा आवाज आला. बारक्या दारात येऊन उभा राहिला, पाय न लावलेला. त्याने बादली बघितली, ब्रश बघितला, पॉलिशचा डबा बघितला. मग माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता मला शिवी देईल. मी त्याची वाटच बघत होते.

त्याने कुबड्या नीट काखेत धरल्या आणि बाबांच्या वाकलेल्या पाठीला म्हणाला, "बाबा, मी खूप जोरात होतो."

ब्रश थांबला. बाबांनी मान वर केली नाही.

"हो रे बाळा," ते म्हणाले. "खूप जोरात होतास."

फाटकाशी ती मुलगी आणि तिची आई येऊन उभ्या होत्या. मुलगी टाचा उंचावून आत बघत होती आणि हसत होती. आमच्यापैकी कुणीच फाटक उघडायला गेलं नाही.